‘खेकडा’ गेला, खूण कुणी राखायची?

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी कोसळल्या की आंबोलीच्या घाटात खेकडे बिळांतून बाहेर पडतात आणि ओल्या रस्त्यावर तुरुतुरु धावू लागतात. पावसाळी सहलीला आलेल्या मुंबईकरांच्या मुलांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. या मुलांपैकी बहुतेकांचे आजोबा कधीकाळी कोकणातूनच मुंबईला गेलेले असतात. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, तर कुणी रेल्वेत चिकटलेले. त्याच मुंबईत एका विजेच्या इंजिनालाही कामगारांनी ‘खेकडा’ असेच नाव दिले होते आणि सहा दशकांहून अधिक काळ त्या खेकड्याने बोरघाट आणि थळघाटात मालगाड्या ओढल्या, हे मात्र त्या मुलांना कुणी सांगितलेले नसते. सांगणार तरी कोण? इंजिन कंडम झाले, भंगारात निघाले आणि त्याची भाषा जाणणारी माणसेही निवृत्त होऊन गावोगाव पांगली.

जुन्या उपनगरी गाड्यांचे आणि त्यांच्या मार्गावर धावलेल्या इंजिनांचे अवशेष जमवणे हा काही थोड्या हौशी मंडळींचा छंद आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कुणी इंजिनावरची पितळी पाटी मिळवतो, कुणी मोटरमनच्या केबिनमधला व्होल्टमीटर, कुणी गार्डचा कंदील. घरातली मंडळी त्याकडे कौतुकाने किंवा काहीशा त्रासिक नजरेने पाहतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः हा विषय छंदाच्या कक्षेत मावणारा नाही. एका महानगराची आणि त्या महानगराला मनुष्यबळ पुरवणाऱ्या कोकणासारख्या प्रदेशाची सुमारे शंभर वर्षांची स्मृती कुणी सांभाळायची, हा यातील खरा प्रश्न आहे.

एक्क्याण्णव वर्षांचे पर्व

३ फेब्रुवारी १९२५ रोजी तत्कालीन बोरीबंदर स्थानकातून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. ही व्यवस्था १५०० व्होल्ट एकदिश विद्युत्प्रवाहाची, म्हणजे रेल्वेच्या बोलीत ‘डीसी’ची होती. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेकडील कुलाबा ते बोरिवली हा मार्गही विजेवर आला. १९३० पर्यंत घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या आणि त्याच वर्षी १ जूनला ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. दरम्यान सह्याद्रीच्या पाण्यावर खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची जलविद्युत केंद्रे उभी राहिली होती. पश्चिम घाटावर पडणारा पाऊस मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना बळ देऊ लागला तो याच काळात.

हे पर्व एप्रिल २०१६ मध्ये संपले. पश्चिम रेल्वेने त्याआधीच २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती म्हणजे ‘एसी’ प्रवाहाचा स्वीकार केला होता. पाठोपाठ मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग बदलला आणि सर्वांत शेवटी हार्बर मार्ग. जेथून आरंभ झाला तेथेच शेवट झाला. त्या वेळी रेल्वेमंत्री होते सुरेश प्रभू, ज्यांनी लोकसभेत अनेक वर्षे कोकणाचे प्रतिनिधित्व केले होते. हा केवळ योगायोग. पण कोकण आणि मुंबईची रेल्वे यांचे नाते किती दाट आहे, हे त्यातून सहज ध्यानात यावे.

हा बदल आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. तेवढीच शक्ती पुरवायची तर १५०० व्होल्टच्या तारेतून २५,००० व्होल्टच्या तारेपेक्षा सुमारे सोळा-सतरा पट अधिक प्रवाह न्यावा लागतो. त्यासाठी तारा जाड लागतात, उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागतात आणि वीज वाया जाते. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडणाऱ्या शहराला हा भार पेलणे कठीण होते. त्यामुळे जुन्या गाड्या जाव्यात, हे योग्यच झाले. प्रश्न त्या गेल्याचा नाही. जाताना त्यांच्यापैकी काय राखले गेले, हा आहे.

इंजिन नसलेली गाडी

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुंबईच्या लोकलला वेगळे इंजिन नसते. साधारणतः दर तीन डब्यांमागे एक मोटर डबा असतो आणि गाडीची सारी शक्ती अशा डब्यांत विभागलेली असते. त्यामुळे लोकल भंगारात निघते तेव्हा ‘इंजिन जपा’ असे म्हणून भागत नाही. ज्याला तिची खूण राखायची आहे, त्याला मोटरमनच्या चिंचोळ्या केबिनमध्ये शिरावे लागते.

त्या केबिनमध्ये काय असे? गाडीचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवणारा कंट्रोलर आणि त्याचे हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले हँडल. याच हँडलला ‘डेड मॅन’ म्हणतात. नाव अभद्र, पण हेतू मंगल. मोटरमनला भोवळ आली, त्याचा प्राण गेला आणि हात हँडलवरून सुटला, तर ब्रेक आपोआप लागतात आणि हजारो प्रवासी वाचतात. शेजारी तारेतील दाब दाखवणारा व्होल्टमीटर, ब्रेकमधील हवेचा दाब दाखवणारी तबकडी, भोंग्याची कळ आणि गाडी कोठे जाणार हे सांगणारी पाटी. प्रवाशांच्या डब्यांत पाहावे तर दारातला मधला खांब आणि छतापासून लोंबकळणाऱ्या धातूच्या कड्या. डोंबिवली-कल्याणच्या एका संपूर्ण पिढीने ज्यांना धरून उभ्याने नोकरी केली, त्या या कड्या. निर्मात्याचे नाव आणि वर्ष कोरलेली पाटी हा तर गाडीचा जन्मदाखलाच. सुरुवातीच्या पाट्यांवर इंग्लंड आणि जर्मनीतील कारखान्यांची नावे असत. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या जेसॉप कंपनीचे आणि मद्रासच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे नाव आले. पाट्या एका ओळीत मांडल्या, तरी परावलंबनाकडून स्वावलंबनाकडे झालेला देशाचा प्रवास शाळकरी मुलालाही वाचता येईल.

घाटातील इंजिनांची कथा याहून वेधक आहे. १९२८ पासून आलेल्या मालगाडीच्या इंजिनांचा वर्ग पुढे ‘डब्ल्यूसीजी-१’ या नावाने ओळखला गेला. यातील पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डीसी प्रवाहाचे आणि तिसरे मालवाहतुकीचे. अशी ४१ इंजिने आली. काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यातून, उरलेली इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीतून. मध्ये उंच केबिन आणि दोन्ही बाजूंना सांध्यावर वळणारी लांब नाके, अशी त्यांची रचना होती. वळणावळणाच्या घाटात ती अंग मुरडून जात. युरोपात अशा इंजिनाला ‘मगर’ म्हणत. मुंबईच्या कामगारांनी मात्र त्याला मगर म्हटले नाही. उभे असताना ते चमत्कारिक कण्हत असे आणि धावताना त्याच्या चाकांना जोडणारे दांडे सर्रसर्र आवाज करत. म्हणून ते झाले ‘खेकडा’. परदेशात घडलेल्या यंत्राला या मातीतील नाव देऊन कामगारांनी ते आपलेसे केले. घाट उतरताना हे इंजिन गाडीचा वेग रोखता रोखता वीज निर्माण करून ती पुन्हा तारेत सोडत असे. ऊर्जाबचतीचे हे तंत्र आज नव्या लोकलमध्ये आहे म्हणून त्याची जाहिरात होते. खेकड्याला ते जवळपास शंभर वर्षांपूर्वी अवगत होते.

‘लोकमान्य’ नावाचे इंजिन

असे अवशेष म्हणजे ब्रिटिशांच्या खुणा, त्या जपण्यात कसले भूषण, असा प्रश्न काही वेळा विचारला जातो. देशाभिमानातून येणारा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे.

एक उत्तर असे, की मुंबईची रेल्वे साहेबाच्या कृपेने अवतरली, हे अर्धसत्य आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय धुरीण होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तिच्या मार्गावरचे बांध घातले ते येथल्याच मजुरांनी. पुढे बोरघाटाचा मार्ग खोदताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मृत्युमुखी पडले. लोखंड विलायतेचे होते. घाम आणि रक्त येथले होते.

दुसरे उत्तर आहे ‘लोकमान्य’. स्वतंत्र भारतात बांधले गेलेले पहिले विजेचे इंजिन चित्तरंजन येथील कारखान्यात तयार झाले आणि १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते राष्ट्राला समर्पित झाले. त्याचे नाव ठेवले गेले ‘लोकमान्य’. हे डीसी प्रवाहावर चालणारे इंजिन होते. म्हणजे ते घडले बंगालमध्ये, पण त्याची कर्मभूमी होती मुंबई ते पुणे-इगतपुरी. ‘डब्ल्यूसीएम-५’ या वर्गाची अशी २१ इंजिने बांधली गेली. रत्नागिरीत जन्मलेल्या, पुण्याला कर्मभूमी मानलेल्या आणि स्वदेशीचा मंत्र देशभर पोहोचवलेल्या महापुरुषाचे नाव पहिल्या स्वदेशी विद्युत इंजिनाला मिळावे, याहून समर्पक ते काय? पूर्वी याच मार्गावरील इंजिनांना सर लेस्ली विल्सन, सर रॉजर लम्ली अशी गव्हर्नरांची नावे होती. या नावांच्या पाट्या एकीकडे आणि ‘लोकमान्य’ ही पाटी दुसरीकडे ठेवली, तर स्वातंत्र्याचा अर्थ सांगायला वेगळ्या भाषणाची गरज उरणार नाही. मात्र त्यासाठी दोन्ही पाट्या जपलेल्या असाव्या लागतात. गुलामीची खूण पुसून टाकली, तर तिच्यावर मात केल्याचा पुरावाही तिच्याबरोबरच जातो.

भंगार, चोरी आणि छंद

कंडम झालेली गाडी रेल्वेच्या दृष्टीने भंगार असते. तिचा लिलाव होतो तो टनांच्या हिशेबाने. यात रेल्वेची चूक काढण्याचे कारण नाही. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरले जाते, त्यातून महसूल मिळतो आणि कारशेडमधील जागा मोकळी होते. प्रत्येक गाडी जपून ठेवणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. परंतु शंभर गाड्यांपैकी एकही न राखणे आणि उरलेल्या नव्व्याण्णवांच्या पाट्याही न काढणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

रेल्वेने काहीच राखले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झाले. तेथे ‘सर रॉजर लम्ली’ उभे आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा विसावला आहे. मुंबईतील रेल्वेप्रेमींनी आवर्जून मुलाबाळांसह तेथे जावे. पण घाटातील इंजिनाच्या आकारामुळे ते नजरेत भरले म्हणून वाचले. लोकलचा मोटर डबा रोज डोळ्यांसमोर होता, म्हणून त्याच्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही. मुंबईच्या ट्रामचेही असेच झाले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली तेव्हा लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा गर्दी केली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अवशेषांची आठवण फारशी कुणाला राहिली नाही. पहिल्या गाडीला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तर केवळ नावाने उरली आहेत.

जे संस्थांकडून राहून गेले, ते व्यक्तींनी जमवले. येथे मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. रेल्वेची प्रत्येक वस्तू, मग ती गंजलेली का असेना, राष्ट्राची मालमत्ता आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यानुसार अशी वस्तू अवैधरीत्या जवळ बाळगणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पितळेच्या लोभाने पाटी उचकटणारा भुरटा चोर आणि तीच पाटी त्याच्याकडून ‘प्रेमापोटी’ विकत घेणारा संग्राहक, या दोघांत नैतिकदृष्ट्या फार अंतर नाही. किंबहुना गिऱ्हाईक असते म्हणूनच चोरी होते. ज्या वस्तूची पावती नाही, ती कितीही दुर्मीळ असली तरी दिवाणखान्यात मिरवण्याच्या योग्यतेची नाही. देशावर प्रेम करायचे आणि देशाची मालमत्ता चोरवाटेने घरात आणायची, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

यावर उपाय परदेशांनी शोधला आहे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्या काळात ब्रिटिश रेल्वेने पाट्या, कंदील, घड्याळे अशा वस्तू सामान्य माणसाला रीतसर विकण्यासाठी लंडनच्या युस्टन स्थानकाजवळ स्वतःचे दुकान चालवले. वेल्समधील बॅरी या गावी भंगारवाल्याच्या आवारात शेकडो इंजिने पडून होती. सामान्य नागरिकांनी वर्गण्या गोळा करून त्यांतील २१३ इंजिने सोडवून नेली आणि अनेक पुन्हा चालती केली. जपानमधील रेल्वे कंपन्या निवृत्त गाड्यांचे सुटे भाग चाहत्यांना जाहीरपणे विकतात. भारतीय रेल्वेलाही हे करता येण्यासारखे आहे. टनांच्या ढिगात जाण्यापूर्वी पाट्या, हँडले, तबकड्या आणि कड्या वेगळ्या काढाव्यात. संस्थांना त्या नाममात्र दरात व व्यक्तींना पावतीसह योग्य किमतीत द्याव्यात. तोटा कुणाचाच नाही. चोराचा बाजार बसेल, हा वरचा लाभ.

विलंब करण्याचे दिवस मात्र संपले आहेत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने विज्ञान, कला आणि कारागिरीची साक्ष देणाऱ्या, किमान शंभर वर्षे जुन्या वस्तूंना पुरावस्तू म्हणून संरक्षणाच्या कक्षेत घेतले आहे. पहिल्या विद्युत गाडीला ३ फेब्रुवारी २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. म्हणजे त्या पहिल्या पर्वातील जे काही उरले असेल, ते आता जुने लोखंड राहिलेले नाही. त्याकडे पुरावस्तूच्या दृष्टीनेच पाहायला हवे.

नोंद नसेल तर लोखंडच

असे असले तरी केवळ वस्तू मिळाली म्हणजे वारसा मिळाला, असे होत नाही. भिंतीवर टांगलेले हँडल कोणत्या गाडीचे, ती कोणत्या मार्गावर धावली, कोणत्या कारशेडमध्ये दुरुस्त होई, हे ठाऊक नसेल तर ते हँडल आणि दाराची मूठ यांत भेद काय? अवशेषाला मोल येते ते त्याच्या नोंदीमुळे. ही नोंद कागदावर थोडी आणि माणसांच्या डोक्यात अधिक आहे.

२०१६ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झालेला मोटरमन किंवा फिटर आज सत्तरीच्या घरात आहे. डीसी गाडीच्या मोटरचा बदललेला आवाज ऐकून बिघाड ओळखणारा, पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की गाडी कशी हाकावी हे जाणणारा, सव्वीस जुलैच्या प्रलयात गाडीतच रात्र काढलेला हा माणूस अजून आपल्यात आहे. परळ, माटुंगा, लोअर परळची वर्कशॉप्स आणि कुर्ल्याची कारशेड यांत आयुष्य घालवून निवृत्तीनंतर कोकणातल्या मूळ घरी परतलेली माणसे सिंधुदुर्गातील अनेक गावांत भेटतील. त्यांच्या पडवीत बसून चार दुपारी त्यांचे बोलणे टिपून घेतले, तर जे हाती लागेल ते कोणत्याही लिलावात मिळणार नाही. पुढील दहा वर्षांनंतर हे काम करायचे ठरवले, तर प्रश्न विचारायला माणसे उरतील. उत्तरे द्यायला उरणार नाहीत.

हे काम सरकारची वाट पाहत बसण्याचे नाही. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये कोकणात आहेत, शाळा आहेत, ज्येष्ठ नागरिकांची मंडळे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना एवढेच काम द्यावे, की गावातील रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांकडे जा, त्यांना दहा प्रश्न विचारा, त्यांच्याकडे असलेल्या जुन्या ओळखपत्राचे, कामाच्या वहीचे, निरोप समारंभाच्या छायाचित्राचे चित्र घ्या आणि सर्व एका वहीत लिहून काढा. खर्च शून्य. मुलांना इतिहासही कळेल आणि आजोबांचे मोलही.

रेल्वे न पोहोचलेल्या गावी

या साऱ्यासाठी एखादे छोटे दालन उभारायचे झाले तर ते आंबोलीत का नसावे? सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात रेल्वे कधीच आली नाही. जवळचे स्थानक म्हणजे घाटाखाली, कोकण रेल्वेवरील सावंतवाडी रोड. परंतु रेल्वेने आंबोलीचे भवितव्य मात्र घडवले, आणि बिघडवलेही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगाव परिसराचा माल आंबोलीच्या घाटातून गाडीवाटेने वेंगुर्ला बंदरात उतरत असे. १८८० च्या दशकात बेळगावला रेल्वे आली, मुरगाव बंदराशी रेल्वेमार्ग जोडला गेला, आणि घाटातील बैलगाड्यांची रांग विरळ होत गेली. वेंगुर्ल्याची भरभराट ओसरली. त्यानंतर या भागातील तरुणाने पोटासाठी मुंबईची वाट धरली आणि त्यातील काहींना आसरा दिला तो रेल्वेनेच. जिने व्यापार नेला, तिनेच भाकरी दिली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्वांसाठी खुली झाली तेव्हा एका शतकाचे देणे चुकते झाल्यासारखे कोकणी माणसाला वाटले.

आज पावसाळ्यातील शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी पर्यटकांची इतकी दाटी होते की पाय ठेवायला जागा नसते. भिजणे, कणीस खाणे आणि परत फिरणे, एवढाच बहुतेकांचा कार्यक्रम. हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत जाणारे त्यातले थोडे. अशा ठिकाणी दोन खोल्यांचे दालन असावे: काही पितळी पाट्या, एक कंट्रोलर, चार तबकड्या, डब्यातील कड्यांची एक ओळ आणि भिंतीवर सिंधुदुर्गातील रेल्वे कामगारांची छायाचित्रे, प्रत्येकाखाली गाव, काम आणि सेवेची वर्षे. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळण्यांचे कारागीर लोकलची आणि खेकडा इंजिनाची प्रतिकृती सहज घडवतील. पर्यटक ती विकत नेतील आणि एका मरगळलेल्या कलेलाही हातभार लागेल.

अर्थात येथे सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. असले हवामान लोखंडाला मारक. अवजड यंत्रे येथे आणून गंजत ठेवण्यात शहाणपण नाही. ती मुंबईतच, छपराखाली, नियमित देखभालीत असावीत. उघड्यावर इंजिन उभे करून त्याला दर पाच वर्षांनी ऑइलपेंट फासणे म्हणजे जतन नव्हे, हे मुंबईतील संस्थांनीही ध्यानात घ्यावे. आंबोलीला शोभेल ते लहान, कोरड्या कपाटात मावणारे आणि नोंदींनी समृद्ध असे दालन.

हिंदू समाजात अवजाराला देवत्व देण्याची प्रथा आहे. खंडेनवमीला सुतार करवतीला, शेतकरी नांगराला, फिटर पान्याला हळद-कुंकू वाहतो. दसऱ्याच्या सुमारास मुंबईच्या लोकलला झेंडूची तोरणे बांधली जातात, डब्यात प्रसाद वाटला जातो आणि मोटरमनचा सत्कार होतो. हे दृश्य जगात अन्यत्र क्वचितच दिसेल. ज्या यंत्राची पूजा केली, ते थकल्यावर त्याला ढिगात लोटताना मात्र कुणाचा हात थांबत नाही. घरातील जीर्ण देवमूर्तीचेही विधिपूर्वक विसर्जन करणाऱ्या समाजाला ही विसंगती खटकायला हवी. सारे ठेवता येत नाही, हे खरे. पण निरोप देण्याची रीत तर पाळता येते. पाटी काढून घ्यावी, नाव नोंदवावे, हाकणाऱ्याची आणि दुरुस्त करणाऱ्याची आठवण लिहून ठेवावी आणि मग लोखंड भट्टीत जाऊ द्यावे.

पुढच्या मृगात आंबोलीच्या रस्त्यावर पुन्हा खेकडे धावतील आणि मुंबईहून आलेले एखादे मूल टाळ्या पिटत ते पाहील. त्याच वेळी ‘तुझ्या पणजोबांचाही एक खेकडा होता’ असे म्हणून त्याला हाताला धरून दाखवण्याजोगे काही शिल्लक असेल का, हे येत्या काही वर्षांत ठरेल. निवृत्त मोटरमन आणि फिटर हयात आहेत, मोटर डब्यांचे काही भाग अजून कारशेडच्या कोपऱ्यांत पडून असतील, आणि ऐकणारी मुले तर घरोघरी आहेत. या तिघांची गाठ घालून देणे, एवढेच काम आजच्या कर्त्या पिढीकडे उरले आहे.